लांबलचक इंग्रजी शब्द शेपटीकडून धरावा

ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी. इंग्रजीत लिहिला तर एकोणीस अक्षरं. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हा शब्द आला आणि मी ती चिठ्ठी मुकाट्याने शेजारच्या मुलीकडे सरकवली. तिनेही वाचली नाही. तिने पुढे सरकवली.

माझी नोकरी परळच्या एका लॅबमध्ये, रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर. के. ई. एम., टाटा, वाडिया अशी हॉस्पिटलं जिथे एकमेकांना खेटून उभी आहेत, त्या भागात असे शब्द वडापावच्या कागदासारखे हातोहात फिरतात. मी मराठी माध्यमाची. दहावीला इंग्रजीत पास झाले एवढंच. अकरा वर्षांनी आता खिडकीवर नवीन मुली येतात, त्याही तशाच घाबरलेल्या. त्यांना जे शिकवते तेच इथे लिहिते आहे. मेडिकलच्या दुकानात लागलेल्यांना, नर्सिंगला नुकताच प्रवेश घेतलेल्यांना आणि घरच्या माणसाचे कागद मांडीवर घेऊन ओपीडीबाहेर बसलेल्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी त्या एकोणीस अक्षरांचं काय ते सांगून टाकते. ओटो म्हणजे कान. रायनो म्हणजे नाक. लॅरिंगो म्हणजे घशातलं स्वरयंत्र. लॉजी म्हणजे शास्त्र. कान-नाक-घसा! क्रमसुद्धा तोच. आपण लहानपणापासून जे बोलत आलो, तेच कोणीतरी ग्रीकमध्ये एका दमात लिहून ठेवलंय.

पहिली पायरी: समोरून वाचू नका

इंग्रजी शब्द दिसला की आपण डावीकडून एकेक अक्षर लावत जातो आणि सहाव्या-सातव्या अक्षराला धाप लागते. त्याऐवजी आधी शेवटची चार-पाच अक्षरं बघा. शाळेत तत्पुरुष समास शिकलो तेव्हा बाईंनी सांगितलं होतं की दुसरं पद महत्त्वाचं. राजवाडा हा शेवटी वाडाच असतो, देवघर हे घरच. हे वैद्यकीय शब्दही तसेच. शेवटी काय आहे त्यावरून तो आजार आहे, ऑपरेशन आहे, तपासणी आहे की हॉस्पिटलातला विभाग आहे ते कळतं. कुठल्या अवयवाचा, हे मागाहून बघता येतं. खिडकीवर उभ्या माणसाला योग्य ठिकाणी पाठवायला बऱ्याचदा शेपटीच पुरते.

एक वही करा. दर पानावर एक शेपटी. मी शंभर पानी वही घेतली होती, तिची वीससुद्धा पानं भरली नाहीत. शेपट्या मोजक्याच आहेत.

दुसरी पायरी: शेपट्या

एल-ओ-जी-वाय, म्हणजे लॉजी, सगळ्यात सोपी. हिच्याबद्दल फार सांगत नाही. कार्डिओलॉजी हृदयाचं शास्त्र, नेफ्रॉलॉजी मूत्रपिंडाचं, गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी सोळा अक्षरांचं आणि त्यात गॅस्ट्रो म्हणजे जठर, एंटेरो म्हणजे आतडं. ही शेपटी दिसली की विभागाचं नाव. मात्र अपॉलॉजी हे कुठलंही शास्त्र नाही, ती माफी.

आय-टी-आय-एस, आयटिस. मराठीत दाह. टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, हेपटायटिस, आर्थ्रायटिस, अपेंडिसायटिस. मूळ ग्रीकमध्ये या शेपटीचा अर्थ फक्त ‘अमुक अवयवाचा’ असा होता आणि पुढे आजार हा शब्द गृहीत धरलेला असायचा. आर्थ्रायटिस म्हणजे ‘सांध्याचा’, आजार हे समजून घ्यायचं. आपल्याकडे नाही का, “त्यांना शुगर आहे, प्रेशर आहे” म्हणतात, आणि पुढचं ऐकणाऱ्याने भरायचं? पुढे वैद्यकात ही शेपटी दाहासाठीच पक्की झाली.

ओ-एस-आय-एस, ओसिस. ही जरा पसरट. एखादी स्थिती, बहुतेक वेळा बिघाडाची. ट्युबरक्युलोसिस म्हणजे फुप्फुसात वगैरे बारीक गाठी होण्याची स्थिती, तोच आपला टीबी. मुंबईकराच्या तोंडी बसलेला दुसरा शब्द लेप्टो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोच्या पेशंटांची रांग लागली. पूर्ण शब्द लेप्टोस्पायरोसिस. लेप्टो म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळं. बारीक वेटोळ्यासारख्या जंतूमुळे होणारी स्थिती. शब्दातच जंतूचं चित्र आहे.

या पानावर माझ्या वहीत आणखी एक शब्द आहे, तो जरा वेगळ्या शाईत लिहिलाय. बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजला जातो ते खातं, हवेत नुसती तूस. सोमवारी कामावरून आले की त्यांची छाती जड व्हायची, श्वास पुरत नसे. आठवडा सरत आला की जरा बरं वाटे. आई म्हणायची, रविवारी मटण जास्त झालं. पुढे संप झाला, गिरणी गेली, बाबाही गेले. त्यांची जुनी कागदपत्रं आवरताना एका केसपेपरवर घाईघाईत लिहिलेला शब्द सापडला. तोपर्यंत माझी अकरा-बारा पानं भरली होती. शेवटी ओसिस. पुढे बिसिन. हा तुकडा मला माहीत नव्हता, तो शोधला. बिसॉस म्हणजे ग्रीकमध्ये तलम कापड. बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती भरून येणं ही त्याची ओळखीची खूण. दहा अक्षरांचा शब्द आणि मटणाचा काही दोष नव्हता.

या शेपटीत एक फसवा पाहुणाही आहे. एकदा एक काका खिडकीवर येऊन म्हणाले, “ताई, मला डायग्नोसिस झालाय, रिपोर्ट द्या.” मी हसू दाबलं, कारण पहिल्या महिन्यात मलाही तो आजारच वाटला होता. डायग्नोसिस आणि प्रोग्नोसिसमधला ‘ग्नो’ म्हणजे जाणणं. आपल्या ज्ञानातला ‘ज्ञा’ आणि हा ‘ग्नो’ एकाच जुन्या मुळाचे. डायग्नोसिस म्हणजे निदान. ते झालं तर बरंच.

आता ई-एम-आय-ए, म्हणजे एमिया. रक्तात. ल्युकेमिया म्हणजे शब्दशः पांढरं रक्त, युरेमिया म्हणजे रक्तात युरिया साठणं. आणि पी-ई-एन-आय-ए, पेनिया. ही माझी लाडकी, कारण तिचा मूळ अर्थ गरिबी. पावसाळ्यात डेंग्यूचे रिपोर्ट येतात, त्यांवर सोळा अक्षरांचा थ्रोम्बोसायटोपेनिया असतो. थ्रोम्बो म्हणजे गुठळी, सायटो म्हणजे पेशी, पेनिया म्हणजे गरिबी. गुठळी करणाऱ्या पेशींची गरिबी. “प्लेटलेट डाऊन झाल्या” म्हणतात तेच.

शेपट्यांपैकी कापाकापीच्या

या चार एकत्रच शिका, नाहीतर घोळ होतो. चारही ऑपरेशनच्या आहेत.

टॉमी म्हणजे छेद देणं. एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. त्या ‘एक’चा अर्थच बाहेर. स्टॉमी म्हणजे तोंड करणं, शरीरातून बाहेर वाट काढून देणं. प्लास्टी म्हणजे घडवणं, आकार देणं. ट्रेकिओटॉमीत श्वासनलिकेला छेद दिला, ट्रेकिओस्टॉमीत तिथे वाट करून दिली. मध्ये फक्त एक एस. कोलोस्टॉमी झालेल्या माणसाच्या पोटावर पिशवी असते. ती कशासाठी हे शब्दातच आहे, कोलो म्हणजे मोठं आतडं आणि स्टॉमी म्हणजे त्याला केलेलं तोंड.

टॉमीतला ‘टॉम’ विज्ञानाच्या पुस्तकातही भेटलेला आहे. अ‍ॅटम म्हणजे जो कापता येत नाही तो. पुढे शास्त्रज्ञांनी तो कापला ही गोष्ट वेगळी.

पिशवीवरून आठवलं. आमच्याकडे बायका खिडकीवर सांगतात, “माझी पिशवी काढलीय.” आता कुठली पिशवी? गर्भपिशवी की पित्ताची? दोन्हीला पिशवीच म्हणतात. कागदावर मात्र दोन वेगळे शब्द असतात. बारा अक्षरांची हिस्टेरेक्टॉमी: हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. पंधरा अक्षरांची कोलेसिस्टेक्टॉमी: कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे काढली. पित्ताशय हा आपला शब्द बघा, पित्त अधिक आशय, तुकड्याला तुकडा जुळतो. आणि पित्ताची पिशवी काढली म्हणणारी मावशी तर तिन्ही तुकडे क्रमाने बोलते. त्या मावशीला इंग्रजी येत नाही असं कोण म्हणेल?

हाच कोले पुढे कोलेस्टेरॉलमध्येही आहे. ते आधी पित्ताच्या खड्यांत सापडलं, म्हणून पित्तातला घट्ट पदार्थ असं नाव. पित्ताचे खडे आणि हार्टवाल्यांचा शत्रू एकाच आडनावाचे.

प्लास्टीबद्दल एकच हकीकत सांगते. रायनोप्लास्टी म्हणजे नाकाची घडण. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीपासून नवं नाक करून दिलं होतं, आणि ती हकीकत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून पुढे तिकडच्या सर्जननी तसं ऑपरेशन करून पाहिलं. म्हणजे शब्द ग्रीक, हातकसब आपल्याकडचं. रायनो दुसरीकडेही दिसतो. गेंड्याला रायनोसिरॉस म्हणतात, नाकावर शिंग असलेला.

बघण्याच्या आणि लिहिण्याच्या

स्कोपी म्हणजे बघणं. ग्राफी म्हणजे नोंद घेण्याची पद्धत, आणि ग्राम म्हणजे ती नोंद उमटलेला कागद. इलेक्ट्रोकार्डिओग्राम सतरा अक्षरांचा, ईसीजीचा तो लांब गुलाबी कागद. इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी बावीस अक्षरांची, एन्सेफॅलो म्हणजे मेंदू, सगळे तिला ईईजी म्हणून सोडतात.

डॉक्टर जिला ओजीडी स्कोपी म्हणतात आणि लोक “दुर्बीण घातली” म्हणतात, तिचं पूर्ण नाव अमेरिकन स्पेलिंगने सव्वीस अक्षरांचं आहे: इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडिनोस्कोपी. घाबरू नका, घास ज्या वाटेने जातो त्याच क्रमाने ते लिहिलंय. अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची सुरुवात, आणि बघणं. त्या सुरुवातीच्या भागाला ड्युओडिनम म्हणतात, कारण तो बारा बोटं रुंदीइतका लांब. लॅटिनमध्ये बारा-बाराच्या मोजणीचा शब्द आहे त्यावरून. आपल्या आज्या भाताचं पाणी बोटाच्या पेरांवर मोजतात, त्यांनी आतडी बोटांवर मोजली.

तिसरी पायरी: मधले तुकडे आणि त्यांचा सांधा

अवयवांचे तुकडे वापरून वापरून बसतात, पाठ करायला बसू नका. एक नियम मात्र आधीच कळला तर बरं. दोन तुकडे जोडताना मध्ये ‘ओ’ येतो: गॅस्ट्र-ओ-एंटेर-ओ-लॉजी. हा ओ बिनअर्थाचा आहे, रेल्वेच्या डब्यांमधल्या कपलिंगसारखा. पण पुढची शेपटी स्वराने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा तो गळतो. म्हणून गॅस्ट्रो अधिक आयटिसचं गॅस्ट्रायटिस होतं, गॅस्ट्रोआयटिस होत नाही. संधी शिकलेल्या माणसाला हे नवीन नाही. शब्द तोडताना ओ सापडला की तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा. चुकलात तरी फार तर एका अक्षराने चुकाल.

काही तुकडे तर पाठही करावे लागत नाहीत. ऑस्टिओ म्हणजे अस्थी. डेंट म्हणजे दंत. नेझल म्हणजे नासिकेचं. हे नुसते सारखे वाटतात असं नाही, भाषांच्या जुन्या भाऊबंदकीतून आलेले आहेत. तीच गोष्ट शब्दाच्या डोक्याची.

चौथी पायरी: डोकं बघा, आणि तिथे उपसर्ग आठवा

मराठी माध्यमाचा खरा फायदा इथे आहे आणि तो आपल्याला कुणी सांगत नाही. संस्कृतातून आलेले उपसर्ग आणि ग्रीकचे उपसर्ग पुष्कळदा सख्खे भाऊ आहेत. डिस म्हणजे दुस्, दुर्. डिस्पेप्सिया म्हणजे वाईट पचन. पेरी म्हणजे परि, भोवती. पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. हायपर म्हणजे उपरि, वर, जास्त. हायपो म्हणजे उप, खाली, कमी. आणि नकाराचा अ तर दोन्हीकडे हुबेहूब: व्यंजनापुढे ‘अ’, स्वरापुढे ‘अन्’. आपण अशक्य आणि अनावश्यक म्हणतो, ते एसेप्टिक आणि अ‍ॅनेस्थेशिया म्हणतात. भूल दिली म्हणजे संवेदना नाही, अन् अधिक संवेदना. अ‍ॅनिमियातही तोच अन् आहे, पुढे रक्त.

हे मला कुणी सातवीत सांगितलं असतं तर इंग्रजीच्या तासाला शेवटचा बाक धरला नसता.

शेपटीकडच्या ‘करण’चंही असंच. फिकेशन आणि झेशन दिसलं की मराठीत ‘ईकरण’ लावून बघा. स्टरिलायझेशन, निर्जंतुकीकरण. पंधरा अक्षरांचं इलेक्ट्रिफिकेशन, विद्युतीकरण. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली ते त्याचंच फळ. व्हॅक्सिनेशनला मराठीत लसीकरण म्हणतो, पण त्याच्या पोटात लस नाही, गाय आहे. लॅटिनमध्ये व्हॅका म्हणजे गाय, गायीच्या देवीपासून ती पहिली लस आली म्हणून. हिंदुस्थानात ही देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली तीही इथेच, मुंबईत, १४ जून १८०२ ला, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला.

पाचवी पायरी: मुकी अक्षरं

न्यूमोनियाच्या आधी पी असतो, सायकॉलॉजीच्या आधीही पी. वाचायचा नाही, पण यादीत शोधताना मात्र पीखालीच शोधायचा. आमची एक नवीन मुलगी कॉम्प्युटरवर एनखाली न्यूमो शोधत बसली आणि पेशंटला “तुमची टेस्टच आमच्याकडे नाही” म्हणाली. तो माणूस दुसऱ्या लॅबकडे निघालाही होता, जिन्यातून हाक मारून परत आणला.

दुसरी भानगड ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगची. रक्ताचा तुकडा एका कागदावर एच-ए-ई-एम, दुसऱ्यावर एच-ई-एम. आपल्या हॉस्पिटलांच्या पाट्या जुन्या ब्रिटिश वळणाच्या, मशिनमधून निघणारे रिपोर्ट अमेरिकन. दोन्ही बरोबर. पीडियाट्रिक्समध्ये मात्र यामुळे खरी गंमत होते. ग्रीक ‘पेड’ म्हणजे मूल, लॅटिन ‘पेड’ म्हणजे पाय, आपला पाद. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये मुलाच्या शब्दात एक जादा ए असतो म्हणून फरक दिसतो, अमेरिकनमध्ये तो पुसला जातो. ऑर्थोपेडिक म्हटलं की आपल्याला पाय, हाड, प्लास्टर आठवतं. पण त्यातला पेड मुलाचा आहे. १७४१ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने हा शब्द केला तो वाकड्या वाढणाऱ्या मुलांना सरळ करण्याच्या विद्येसाठी.

आणि डोळ्यांचा विभाग लिहिताना पी नंतर एच विसरू नका: ओ-पी-एच-टी-एच. तेरा अक्षरांच्या या शब्दातला तो पहिला एच विसरलेला मी कितीदा पाहिलाय, आणि विसरणाऱ्यांत मीही आले.

घात करणारे जुळे

इथे सावकाश वाचा. बाकी सगळं थोडं चुकलं तर चालेल, हे नाही.

हायपो आणि हायपर. बोलण्यात, विशेषतः फोनवर, शेवटचा र हवेत विरतो. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर कमी, हायपरग्लायसेमिया म्हणजे जास्त. एकाला साखर द्यायची, दुसऱ्याला मुळीच नाही. मी एकदा फोनवर ऐकून उलटं लिहून घेतलं होतं. वरच्या मॅडमनी आकडा बघितला म्हणून निभावलं. तेव्हापासून फोनवर मी शब्द विचारत नाही, “कमी की जास्त?” असं मराठीत विचारते, आणि आकडा परत वाचून दाखवते. तुम्हीही तेच करा, लाज वाटून घेऊ नका.

हायपोकॅलेमिया आणि हायपोकॅल्सेमिया. ऐकायला जवळजवळ सारखे. पहिल्यात के-ए-एल, दुसऱ्यात सी-ए-एल-सी. पहिला पोटॅशियम कमी असल्याचा, दुसरा कॅल्शियम कमी असल्याचा. पोटॅशियमचं जुनं लॅटिन नाव कॅलियम, म्हणून रसायनशास्त्राच्या तक्त्यातही त्याचं चिन्ह के. तसंच सोडियमचं नेट्रियम, चिन्ह एन-ए, म्हणून सोडियम कमी झालं की हायपोनेट्रेमिया. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाला अचानक अर्थ येतो तो असा.

मायो म्हणजे स्नायू, मायेलो म्हणजे मज्जा किंवा मज्जारज्जू. युरेटर मूत्रपिंडाकडून मूत्राशयापर्यंतची नळी, युरेथ्रा तिथून बाहेरची. ही जोडी मी वहीच्या कव्हरवरच लिहून ठेवलीय.

आणि शब्द फोडता आला म्हणजे आजार कळला असं नाही. मला रोज कुणीतरी खिडकीतून विचारतं, “ताई, काही वाईट नाही ना?” शब्दाचा अर्थ माहीत असूनही मी एकच सांगते, डॉक्टरांना दाखवा. आपल्याला नाव वाचता येतं. ते नाव या माणसासाठी किती गंभीर आहे ते कागदावर लिहिलेलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीतला खेळ

अक्षरांवर नजर बसावी म्हणून आम्ही डबा खाताना खेळतो. वैद्यकाशी संबंध नाही, पण डोळा तयार होतो. मुंबईत दर दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर असलेला प्रोप्रायटर हा शब्द कीबोर्डच्या फक्त वरच्या ओळीत टाइप होतो. टाइपरायटर हा शब्दही. दोन्ही दहा-दहा अक्षरांचे. हिशेबनीस या अर्थाच्या बुककीपरमध्ये एकाच अक्षराच्या तीन जोड्या सलग: डबल ओ, डबल के, डबल ई. रांग लावणे या अर्थाच्या क्यूइंगमध्ये पाच स्वर एकामागोमाग एक, बेस्टच्या स्टॉपवर माणसं उभी राहावीत तसे. फक्त ते धक्काबुक्की करत नाहीत. थट्टेखोर या अर्थाच्या फसिशसमध्ये ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर क्रमाने एकेकदा येतात. उपखंडातला या अर्थाच्या सबकाँटिनेंटलमध्ये तेच पाच बरोबर उलट्या क्रमाने. अविभाज्यता म्हणजे इंडिव्हिजिबिलिटी, चौदा अक्षरं आणि त्यात आय सहा वेळा. बाकीचे चार स्वर औषधालाही नाहीत. बोटांवरच्या, तळव्यांवरच्या रेषांच्या अभ्यासाला डर्मेटोग्लिफिक्स म्हणतात: डर्मा म्हणजे त्वचा, ग्लिफ म्हणजे कोरीव काम. पंधरा अक्षरं आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. कुणाच्याही बोटाचा ठसा दुसऱ्यासारखा नसतो, त्या अभ्यासाचं नावही तसंच निघावं याला काय म्हणायचं!

घरी मुलं असतील तर राणीच्या बागेत न्या आणि हिप्पोसमोर उभं करा. हिप्पोपोटॅमस: हिप्पो म्हणजे घोडा, पोटॅमस म्हणजे नदी. खाली पाटीवर मराठीत पाणघोडा. एवढ्याने पोरं आपापले शब्द फोडायला लागतात.

शेवटी मोठा घास

इंग्रजी कोशांत पंचेचाळीस अक्षरांचा एक शब्द आहे. तो पाठ करून मिरवणारा एक तरी मुलगा प्रत्येक क्लासमध्ये असतो. आता तुम्ही तो फोडा. मी तुकडे देते: न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रोस्कोपिक, सिलिको, व्होल्कॅनो, कोनी, ओसिस.

शेपटीकडून सुरू करा. ओसिस आलं, म्हणजे बिघाडाची स्थिती. कोनी म्हणजे धूळ, ही एवढीच नवीन. व्होल्कॅनो ज्वालामुखी, सिलिको म्हणजे सिलिका, वाळूतली. मायक्रोस्कोपिक सूक्ष्मदर्शकातून दिसणारं, अल्ट्रा त्याहूनही पलीकडचं. न्यूमोनो फुप्फुस, आणि त्याचा पी मुका. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिका-धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार.

हा शब्द एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ मध्ये बनवला. ते अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे, नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष होते. सगळ्यात लांब शब्द हवा म्हणून तो जुळवला. डॉक्टर त्या आजाराला सिलिकोसिस म्हणून मोकळे होतात. माझ्या वहीत तो ओसिसच्या पानावरच आहे, पानाच्या रुंदीत मावला नाही म्हणून दोन ओळींत. त्याच्या बरोबर वरच्या ओळीत बिसिनोसिस आहे.